वसणें आणि वसविणें

मराठींत ‘वसणें’ आणि ‘वसविणें’ हीं क्रियापदें एकाच धातूचीं असलीं, तरी त्यांच्या कर्त्यांत मोठें अंतर आहे. जो वसतो तो आपली गरज ओळखून, आपल्या सोयीची जागा पाहून वसतो. जो वसवितो तो बहुधा राजा किंवा सरकार असतो, आणि ज्यांना वसवावयाचें त्यांची गरज कोणती हें ठरविण्याचा अधिकारहि तो आपल्याकडेच घेतो. फिरत्या लोकांना एका जागीं बसवावें, रानांतल्यांना सपाटीवर आणावें, आणि निरनिराळ्या चालीरीतींच्या लहान लहान जमातींतून एकजीव प्रजा घडवावी, हा उद्योग जगांतील बहुतेक राज्यकर्त्यांनीं केव्हां ना केव्हां केलेला आहे. तो कोठें फळास आला व कोठें फसला, हें पाहण्यासाठीं आपणांस फार दूर जावयास नको. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील आंजर्लें आणि त्याच्या पाठीमागचा डोंगराळ मुलूख एवढी भूमि या विचाराच्या आरंभास पुरेशी आहे.

आंजर्लें जोग नदीच्या मुखाशीं आहे. खाडीपलीकडे हर्णै बंदर, त्यासमोर समुद्रांत सुवर्णदुर्ग. हा किल्ला आंगऱ्यांचा होता. १७५५ सालीं कमोडोर जेम्सनें तो घेतला, नंतर तो पेशव्यांकडे आला, आणि १८१८ सालीं इंग्रजी राज्यांत गेला. गांवच्या ‘कड्यावरच्या गणपती’विषयीं अशी आख्यायिका आहे कीं, त्याचें मूळ देऊळ समुद्रकांठीं होतें, पाणी वर चढूं लागलें तेव्हां देवानें कड्यावर बिऱ्हाड हलविलें. देवावरहि स्थलांतराचा प्रसंग आणणारी ही किनारपट्टी मुळांतच आलेल्यांची भूमि आहे. परशुरामानें समुद्र हटवून ती निर्माण केली ही कथाहि एका अर्थानें वसाहतीचीच कथा होय. उत्तरेस कुलाब्याच्या किनाऱ्याला बेने इस्राएल लोक लागले. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनिवार तेली’ हें नांव पडलें. पुढें त्यांनीं आपापल्या गांवांवरून ‘कर’ अन्तीं असलेलीं आडनांवें घेतलीं आणि मराठी हीच घरची भाषा केली. आफ्रिकेंतून आलेल्या सिद्दींनीं तर जंजिऱ्यास आपलें राज्य स्थापिलें व तें १९४८ पर्यंत टिकविलें. या लोकांना येथें कोणत्याहि सरकारी योजनेनें आणून बसविलेलें नव्हतें. ते वसले, आणि वसतां वसतां येथले झाले. त्यांचा धर्म निराळा राहिला म्हणून त्यांच्या कोंकणीपणास बाध आला नाहीं.

परंतु राज्यकर्त्यांनीं वसविण्याचेंहि एक चांगलें उदाहरण याच जिल्ह्याच्या इतिहासांत आहे. लढाया व दुष्काळ यांनीं मुलूख ओस पडत असे, आणि ओस मुलखाचा वसूल येत नसे. म्हणून पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्यास कौल द्यावयाचा, पहिल्या वर्षीं सारा नाममात्र घ्यावयाचा व पुढें तो चढत्या प्रमाणानें पूर्ण आकारापर्यंत न्यावयाचा, ही ‘इस्ताव्या’ची रीति आपल्याकडे पुष्कळ काळ चालत आली. शिवाजी महाराजांनीं ५ सप्टेंबर १६७६ रोजीं मामले प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास जें पत्र पाठविलें, तें या धोरणाचा आदर्शच आहे. प्रभावळी ही रत्नागिरी जिल्ह्याच्याच दक्षिण भागांतली. सुभेदारानें गांवोगांव फिरून कुणबी गोळा करावे. ज्याच्या घरीं कष्ट करणारीं माणसें आहेत पण बैल नाहींत, दाणा नाहीं, त्यास बैलांसाठीं रोख पैसे व पोटासाठीं धान्य द्यावें. आणि हें सर्व परत घेतांना व्याज न लावतां, केवळ मुद्दल, तो सबळ होईल तसतसें हळूहळू घ्यावें, असा त्या पत्राचा आशय आहे. यांत तीन गोष्टी ध्यानांत धरण्यासारख्या आहेत. पहिली, अधिकाऱ्यानें रयतेकडे जावयाचें, रयतेनें अधिकाऱ्याकडे नव्हे. दुसरी, जमिनीबरोबर ती कसण्याचें साधनहि द्यावयाचें. तिसरी, दिलेल्या मदतीचा फांस होऊं द्यावयाचा नाहीं. तीनशें वर्षांनंतरच्या कित्येक पुनर्वसन योजना या तीनपैकीं एका तरी कसोटीला उतरल्या नाहींत, हें पुढें दिसेल.

कौलाच्या या धोरणाची दुसरी बाजू म्हणजे खोती. विजापूरच्या अमदानींत दाभोळ हें मोठें बंदर होतें, आणि त्याच्या मागचा मुलूख लागवडीस आणून त्याचा वसूल भरण्याची हमी घेणारे मक्तेदार हवे होते. अशा मक्त्यांतून खोत उदयास आले, असें जुन्या सनदांवरून मानलें जातें. खोतानें कुळें आणावीं, गांव वसवावा, साऱ्याची जबाबदारी घ्यावी, आणि त्याच्या मोबदल्यांत त्या गांवावर त्याचा वंशपरंपरा हक्क चालावा. सरकारनें खोताला वसविलें तें त्याच्या नांवानें सनद करून. खोतानें कुळांना वसविलें तें मात्र बहुधा तोंडी. धारेकऱ्यांसारखीं कांहीं कुळें ठरलेला धारा भरून निर्वेध राहत. पण अर्धेलीच्या कुळास निम्मा पिकावा खोताच्या खळ्यावर घालावा लागे, आणि त्यावर आठवेठ, म्हणजे आठ दिवसांतून एक दिवस खोताकडे फुकट राबणें, हेंहि होतें. खोतांमध्यें विद्वान् व लोकहितकर्ते पुरुष झाले. मुरूडचे रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलीक हे त्यांतलेच, आणि खोतांच्या हक्कांचा पक्ष त्यांनीं मोठ्या व्यासंगानें मांडला. पण व्यक्ति चांगल्या असल्यानें पद्धति चांगली ठरत नाहीं. एकाच गांवांत, एकाच डोंगराखालीं, एकाची वस्ती कागदावर आणि दुसऱ्याची तोंडावर, हें त्या पद्धतीचें मूळ होतें.

हा भेद दूर करण्यास दीर्घ काळ लागला. १८८० च्या खोती कायद्यानें खोतांचे हक्क मान्य केले व त्याबरोबर कुळांचे हक्कहि कांहीं अंशीं नोंदले गेले. १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबई विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें विधेयक मांडलें. त्यांस हा प्रदेश परका नव्हता. त्यांचे वडील सुभेदार रामजी लष्करांतून निवृत्त झाल्यावर कांहीं काळ दापोलीच्या छावणींतच राहिले होते. तें विधेयक त्या वेळीं संमत झालें नाहीं. अखेर खोती निर्मूलनाचा १९४९ चा कायदा १९५० च्या मे महिन्यांत अमलांत आला. १९४८ च्या कूळकायद्यांत पुढें दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा ‘कृषिदिन’ ठरला व त्या दिवशीं कसणारें कूळ कायद्यानें मालक मानलें गेलें. कोंकणांतील शेंकडों वर्षांचा एक अन्याय यानें पुष्कळसा दूर झाला, हें निर्विवाद आहे. पण कायद्याची नजर कागदावर असते. ज्याचें नांव कुळाच्या रकान्यांत होतें तो मालक झाला. ज्याचें नांव कोणत्याच रकान्यांत नव्हतें, त्याच्यापर्यंत हा कायदा पोहोंचला नाहीं. आणि असा एक समाज या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहत होता.

तो समाज म्हणजे कातकरी. रायगड व ठाणें जिल्ह्यांत त्यांची वस्ती मोठी, आणि दापोली, मंडणगड, खेड या तालुक्यांतहि त्यांच्या वाड्या आहेत. २०११ च्या खानेसुमारींत महाराष्ट्रांत त्यांची संख्या सुमारें २,८५,००० भरली. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणें हा त्यांचा मूळ धंदा, आणि त्यावरूनच त्यांचें नांव पडलें. त्याच्या जोडीला शिकार, मासे, कंदमुळें, मध, आणि डोंगरउतारावरची ‘दळी’ची शेती. झाडांच्या फांद्या तोडून वाळवावयाच्या, जाळावयाच्या, राखेंत नाचणी-वरी पेरावयाची, आणि दोनतीन वर्षांनीं जागा बदलून पहिल्या जागेस विसांवा द्यावयाचा, अशी ती रीति. या जगण्याला मोठें रान लागतें, पण त्या रानाचा सातबारा लागत नाहीं. १८७८ च्या जंगल कायद्यानें जेथें सरकारी रानें राखीव झालीं तेथें दळी व कात हे दोन्ही गुन्हे होऊं लागले, किंवा परवान्यावर आले. रत्नागिरींत सरकारी जंगल फारच थोडें. बहुतेक रान खाजगी मालकीचें. तेथें मालकाची मर्जी हाच कायदा होता. कात काढण्याचा धंदा मोठ्या भांडवलाच्या हातीं गेला, आणि ज्यांच्या नांवांत कात आहे त्यांच्या हातीं कोयता तेवढा राहिला. मग रान राखण्यासाठीं, कोळसा पाडण्यासाठीं, आंब्याच्या बागेंत कामासाठीं मालकांनीं त्यांस आपल्या वरकस जमिनीच्या एकाद्या कोपऱ्यांत झोंपडी घालूं दिली. त्या झोंपड्यांची वाडी झाली. अशा प्रकारें कोणतीहि योजना न आंखतां, कोणताहि हुकूम न काढतां, एक संपूर्ण जमात आपल्या रानांतून उठून दुसऱ्याच्या जमिनीवर येऊन राहिली. खोतांना सनद मिळाली, कुळांना उशिरां कां होईना कूळकायदा मिळाला. कातकऱ्याला मिळाली ती ‘रहा’ एवढी तोंडी परवानगी.

सरकारनें हेतुपूर्वक वसविण्याचा प्रयोग केला तो दुसऱ्या जमातींवर, आणि तो कोंकणापेक्षां देशावर अधिक झाला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानांत लागू झाला. १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यांतहि आला, आणि १९२४ सालीं त्याचें एकत्रीकरण झालें. कैकाडी, पारधी, भामटे, कंजारभाट इत्यादि जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. त्यांना स्थिर करण्यासाठीं वसाहती काढण्यांत आल्या. लोक त्यांना ‘सेटलमेंट’ याच नांवानें ओळखत. सोलापूरची सेटलमेंट त्यांत विशेष प्रसिद्ध. भोंवतीं तारेचें कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जाण्यास पास, आणि गिरण्यांतून काम. मुंबई इलाख्यांत या खात्याचें काम दीर्घकाळ पाहणारे स्टार्ट हे अधिकारी सुधारणेच्या तळमळीनें काम करणारे होते. वसाहतींत शाळा निघाल्या, मुलें शिकलीं, कित्येकांस नियमित मजुरी मिळाली, हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या कायद्याखालीं हें चाललें होतें त्यानें आईबापांपासून मुलें वेगळीं करून निराळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारहि सरकारला दिला होता. शिक्षण, मजुरी आणि घर या तिन्ही वस्तु त्यांना मिळाल्या त्या कैदेच्या रूपानें. माणूस एका जागीं राहिला, पण ती जागा त्याची झाली नाहीं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा देशभर रद्द झाला आणि ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. मात्र १९५९ च्या मुंबई सराईत गुन्हेगार कायद्यानें पोलिसांच्या वहींतील संशय शिल्लक ठेवला. लक्ष्मण माने यांनीं १९८० सालीं आपल्या आत्मकथनास ‘उपरा’ असें नांव दिलें, तें या सर्व इतिहासाचें एका शब्दांत सार आहे. वतनदाराच्या उलट टोंकाचा शब्द तो. विमुक्त व भटक्या जमातींसाठीं २०१५ सालीं केन्द्र सरकारनें राष्ट्रीय आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष भिकू रामजी इदाते हे दापोलीचेच, ही गोष्ट येथें नोंदण्याजोगी आहे. कायदा रद्द होऊन साठ वर्षें उलटल्यावरहि असा आयोग नेमावा लागला, यावरूनच कुंपण काढणें आणि घर देणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें ध्यानांत येईल.

स्वातंत्र्य जवळ येत असतां या प्रश्नास राष्ट्रबांधणीचें रूप आलें. लहान लहान जमातींनीं नव्या राष्ट्रांत कोणत्या रीतीनें सामील व्हावें? या वादांतील एक प्रमुख पक्षकार रत्नागिरी जिल्ह्याचेच सुपुत्र होते. मालवणांत जन्मलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९४३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, ज्यांस आदिवासी म्हणतात ते वस्तुतः मागासलेले हिंदूच होत, व त्यांचें हित आजूबाजूच्या समाजांत पूर्णपणें मिसळून जाण्यांत आहे. उलट व्हेरियर एल्विन यांनीं त्यांच्या भूमीचें व जीवनाचें बाहेरच्यांपासून संरक्षण करावें असा आग्रह धरला. पुढें पंडित नेहरूंनीं एल्विन यांच्या ईशान्य सीमाप्रदेशावरील ग्रंथास प्रस्तावना लिहितांना पांच तत्त्वें मांडलीं: त्या लोकांची वाढ त्यांच्या स्वभावानुसार व्हावी, जमिनीवरचे व जंगलांवरचे त्यांचे हक्क मानले जावे, कारभारासाठीं त्यांच्यांतलींच माणसें तयार करावीं, बाहेरच्या कारभाराचा व योजनांचा भार त्यांच्यावर अतोनात टाकूं नये, आणि कामाचें मोजमाप खर्चाच्या आंकड्यांनीं न करतां घडणाऱ्या माणसावरून करावें. आमच्या मतें मिसळणें कीं अलग राहणें, हा वादाचा खरा मुद्दाच नव्हे. बेने इस्राएल मिसळले आणि अलगहि राहिले. त्यांस तें साधलें, कारण निवड त्यांची होती. कातकरी तर शेंकडों वर्षें मराठी समाजाच्या शेजारीं आहे, त्याची बोली मराठीच्याच घरांतली आहे, तो आमच्या शेतांत राबतो, आमचीं रानें राखतो. तो मिसळलेला आहेच. पण मिसळला तो पायाशीं. बरोबरीनें मिसळण्यास उभें राहण्यापुरती तरी स्वतःची जमीन लागते.

जगाचा अनुभवहि हेंच सांगतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा हिनें आपल्या राज्यांतील जिप्सींना फिरण्याची बंदी केली, त्यांचें नांव बदलून ‘नवे मग्यार’ असें ठेवलें, आणि त्यांचीं मुलें काढून दुसऱ्यांच्या घरीं वाढविण्याचे हुकूम काढले. जिप्सी त्यामुळें मग्यार झाले नाहींत. पुष्कळ मुलें मात्र आईबापांकडे पळून गेलीं. सोव्हिएट सत्तेनें १९३० च्या सुमारास कझाक पशुपालकांना सक्तीनें सामुदायिक शेतावर बसविलें व त्यांचे कळप घेतले. त्यानंतरच्या दुष्काळांत दहा लाखांहून अधिक कझाक मृत्यु पावले. येथें कोणी म्हणेल, कीं नांवावर जमीन दिली असती तर हें टळलें असतें. पण तेवढ्यानें भागत नाहीं, हें अमेरिकेनें दाखविलें. तेथें १८८७ च्या डॉज कायद्यानें रेड इंडियन जमातींची सामायिक भूमि तोडून एकेका कुटुंबाच्या नांवें तुकडे केले व उरलेली जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली केली. १८८७ सालीं त्या जमातींच्या हातीं १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ती ४ कोटी ८० लाखांवर आली. नांवावर झालेला तुकडा करापायीं, कर्जापायीं व फसवणुकीपायीं दुसऱ्याच्या नांवावर जाण्यास कितीसा वेळ लागतो! तात्पर्य, वसविणाऱ्यानें नुसता कागद देऊन चालत नाहीं. कागद हवा, त्या कागदाच्या आधारें जगण्याचें साधन हवें, आणि हें सर्व कसें व्हावें याविषयीं ज्याला वसवावयाचें त्याला विचारलेलें हवें.

आपल्याकडे याविषयीं कायदे नाहींत असें नाहीं. कातकरी, कोलाम व माडिया गोंड या महाराष्ट्रांतील तीन जमाती केन्द्र सरकारनें विशेष दुर्बल जमातींत धरल्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानें, १३ डिसेंबर २००५ पूर्वीं कसलेल्या वनजमिनीवर चार हेक्टरपर्यंत हक्क मान्य करण्याची तरतूद केली, आणि अशा दुर्बल जमातींच्या पारंपरिक वसतिस्थानांचा हक्कहि मानला. रायगड व ठाण्याकडील कातकरी-ठाकरांना दळीच्या जमिनींसाठीं या कायद्याचा आधार मिळूं शकतो. पण रत्नागिरींत रान खाजगी असल्यामुळें वनहक्काचा कायदा बहुतेक वाड्यांच्या उंबऱ्याशींच थांबतो. तेथें उपयोगी पडणारी तरतूद दुसरीच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १२२ अन्वयें गांवठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. वाडी ज्या जमिनीवर आहे तेवढी जागा गांवठाणांत घेतली, तर झोंपडीखालची जमीन झोंपडीवाल्याची होण्याचा मार्ग खुला होतो. रायगड जिल्ह्यांत कातकऱ्यांच्या वाड्यांचीं मोजणी करून, त्यांच्याच तरुणांस बरोबर घेऊन, या मार्गानें अर्ज करण्याचे प्रयत्न कार्यकर्त्यांनीं केले आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ रोजीं केन्द्र सरकारनें ‘पीएम जनमन’ ही योजना देशांतील ७५ विशेष दुर्बल जमातींसाठीं सुरू केली; तींत पक्कीं घरें, रस्ते, पाणी, वीज यांची तरतूद आहे. योजना स्तुत्य आहे. परंतु पक्कें घर हवेंत बांधतां येत नाहीं. ज्या जमिनीवर तें उभें करावयाचें ती दुसऱ्याच्या नांवें असेल, तर त्या मालकाच्या संमतीवांचून पाया खणतां येत नाहीं. आणि मालक संमति देण्यास कचरतो, कारण एकदां पक्कें घर झालें म्हणजे जागा गेली, हें तोहि जाणतो. अशा रीतीनें शंभर वर्षांपूर्वींची तोंडी परवानगी आजच्या पक्क्या घराच्या आड येते.

यावर एक आक्षेप नेहमीं घेतला जातो, तो असा कीं, ‘हे लोक एका जागीं राहतातच कोठें? दिवाळी झाली कीं वाड्या ओस पडतात, आणि पावसाच्या तोंडावर माघारे येतात. यांना घर देऊन काय उपयोग?’ हें खरें आहे कीं कातकरी कुटुंबें मुलांबाळांसह वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात. पण तीं भटकण्याच्या हौसेनें जात नाहींत. पावसाळ्यांत दाणे संपतात, तेव्हां भट्टीचा मुकादम उचल देतो, आणि ती फेडण्यास आठ महिने राबावें लागतें. हिशेबाच्या अखेरीस पुष्कळदां पुढच्या वर्षाची उचल डोक्यावर घेऊनच परतावें लागतें. रामाजी अनंतास पाठविलेल्या पत्राशीं ही उचल ताडून पाहावी. तेथेंहि दाणे व पैसे दिले जात. पण तेथें रयत उभी राहीपर्यंत थांबण्याची आज्ञा होती, आणि येथें ती कधीं उभी राहूं नये अशीच व्यवस्था आहे. शिवाय, वर्षांतून आठ महिने गांवाबाहेर राहणारा कातकरी हा कांहीं कोंकणांत एकटा नाहीं. दापोलीच्या घराघरांतून मुंबईस गेलेला चाकरमानी तर अकरा महिने बाहेर असतो. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, आणि घराला कुलूप लावून जातो. त्याला कोणी भटका म्हणत नाहीं, किंवा त्याचें घर काढून घ्यावें असेंहि कोणी सुचवीत नाहीं. त्याच्या आणि कातकऱ्याच्या स्थलांतरांत भेद एवढाच कीं, चाकरमान्याचें नांव मागें सातबाऱ्यावर राहिलेलें असतें. ज्याला परत येण्यास हक्काची जागा आहे त्याचें जाणें हा प्रवास होतो. ज्याला ती नाहीं त्याचें जाणें भटकणें ठरतें.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे, याचें कारण जमिनीचा भाव. आंजर्लें, हर्णै, मुरूड हा किनारा आतां पर्यटकांच्या परिचयाचा आहे. आंजर्ल्याच्या वाळूंत अंडीं घालण्यास येणाऱ्या समुद्रकासवांना पाहण्यासाठींहि लोक दुरून येतात. जी वरकस जमीन कालपर्यंत कोणी फुकट घेत नव्हतें, तिला गिऱ्हाईक येऊं लागलें आहे. खरेदीखतांत हद्दी लिहिल्या जातात, झाडें मोजलीं जातात, विहीर लिहिली जाते. त्याच जमिनीवर दोन पिढ्या राहिलेल्या पंधरावीस झोंपड्या मात्र पुष्कळदां कागदावर नसतातच. नवा मालक कुंपण घालूं लागतो तेव्हां वाडीस कळतें कीं आपल्या पायाखालची जमीन विकली गेली. रायगडकडे असे प्रसंग वारंवार घडले आहेत. रस्ते सुधारतील तसे ते दक्षिणेकडे सरकतील यांत शंका नाहीं. सोलापूरास तारेचें कुंपण माणसांना आंत ठेवण्यासाठीं होतें. हें नवें कुंपण त्यांना बाहेर ठेवण्यासाठीं आहे.

येथें सरकारकडे बोट दाखवून आम्हां सुशिक्षितांस मोकळें होतां येणार नाहीं. या मासिकाच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं कोंकणांतल्या वडिलोपार्जित जमिनीचा एकादा उतारा असेलच. भावाभावांच्या नांवांनीं भरलेला, पुण्या-मुंबईच्या कपाटांत ठेवलेला. त्या जमिनीच्या कोपऱ्यांत वाडी आहे कीं नाहीं, हें त्यांतल्या बहुतेकांनीं कधीं पाहिलेलें नसतें. तें पाहावें. वाडी असल्यास, जमीन विकण्यापूर्वीं तेवढी जागा मोजून वाडीच्या नांवें करून द्यावी, किंवा गांवठाणांत घेण्यास लेखी संमति द्यावी. गुंठे थोडे जातील. खरेदीची किंमत त्यानें फारशी घटणार नाहीं. कायद्यानें जें काम अनेक वर्षांत केलें नाहीं, तें मालकाच्या एका सहीनें होऊं शकतें. जिल्हाधिकाऱ्यांनीं अर्जाची वाट न पाहतां वाड्यांची मोजणी हातीं घ्यावी, ही मागणी योग्यच आहे, आणि ती केली पाहिजे. पण आपल्या हातांतलें काम त्या मागणीवर टांगून ठेवण्याचें कारण नाहीं.

राष्ट्र बांधणें म्हणजे सर्वांना एका सांच्यांत ओतणें नव्हे, हें आतां बहुतेक सर्वांस मान्य आहे. पण त्याचा दुसरा अर्थ आपण अद्याप पुरता ध्यानांत घेतलेला नाहीं. ज्याच्या चुलीखालची जमीन दुसऱ्याची आहे, त्याला राष्ट्राची भूमि आपली वाटावी अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे. कोंकणाच्या या किनाऱ्यानें इस्राएलांना वसूं दिलें, सिद्दींना वसूं दिलें, खोतांना सनदा दिल्या, आणि उशिरां कां होईना कुळांना मालकी दिली. या सर्वांच्याहि आधीं ज्यांनीं हें रान पायांखालीं घातलें, त्यांच्या नांवानें अजून कांहीं गुंठे लिहावयाचे राहिले आहेत. तेवढें लिहिलें म्हणजे त्यांना वसविण्यासाठीं वेगळी योजना काढण्याची गरज राहणार नाहीं; ते आपले आपण वसतील.